शैलजाची स्वस्तातली रायफल

लग्नाच्या एकोणीस वर्षांत गुरुनाथ आठल्येने बायकोला "वाढदिवसाला काय हवं?" असं कधी विचारलं नव्हतं. जे सेलमध्ये दिसेल ते आणून तो तिला चकित करायचा, आणि तीही बिचारी दरवर्षी चकित व्हायची. त्या वर्षी मात्र, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या ऑगस्टातल्या उकाड्याने म्हणा किंवा पोटात गेलेल्या थालीपिठांमुळे म्हणा, रविवारी सकाळी त्याची जीभ सैल सुटली आणि त्याने विचारलं.

"रायफल," शैलजा म्हणाली.

"काय?"

"रायफल. बोल्ट-अ‍ॅक्शन. दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची असते ती. फार महाग नको, पण बरी असावी. टार्गेटला चालेल आणि सीझनमध्ये हरणालाही."

मिक्सर घ्यायचाय, चटणीला चालेल आणि डोशाच्या पिठालाही, अशा सुरात ती बोलत होती.

गुरुनाथ मूळचा पुण्याचा, शाकाहारी, आणि नोकरीने गंजतज्ज्ञ. तेलकंपनीच्या पाइपलाइनींना कुठे गंज धरेल हे आधी ओळखणं हा त्याचा पेशा होता, आणि संकट कुठून येईल हे आधी ओळखणं हा स्वभाव. शैलजा नागपूरची. कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवायची, मटण चवीने खायची आणि कॉलेजात एनसीसीमध्ये असताना नेमबाजीत तिला बक्षिसं मिळाली होती. उन्हाळ्यात शेजारच्या डेलच्या बायकोबरोबर ती दोन-तीनदा रेंजवर जाऊन आली, तेव्हाच गुरुनाथला ओळखायला हवं होतं. पण हा गंज त्याच्या नजरेतून सुटला.

"अगं, पण हरीण?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"त्यात काय? सावजी रस्सा करीन. नावातच सावज आहे."

शैलजाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. ती गणिताची असल्यामुळे 'नाही' म्हटलं की सिद्ध करायला लावायची. म्हणून गुरुनाथने आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"घेऊ की! त्यात काय. फक्त आधी जरा रिसर्च करतो."

सीरियल खाता खाता त्यांच्या मुलीने, स्वानंदीने, मान वर केली. "आई, यू आर सो नॉट गेटिंग इट," ती म्हणाली आणि पुन्हा खाऊ लागली.

पोरगी अनुभवाने बोलत होती. तिने दुसरीत असताना कुत्रा मागितला, तेव्हा गुरुनाथने कुत्र्यांच्या जातींचा असा काही अभ्यास आरंभला की तो संपेपर्यंत तिला मांजर आवडायला लागलं होतं. मांजराचा अभ्यास संपेपर्यंत तिला केसांची अ‍ॅलर्जी निघाली. पियानो तर ह्यूस्टनच्या हवेतल्या दमटपणावरच अडला होता. कशालाही नकार न देता गुरुनाथने आजवर सगळ्या इच्छा रिसर्चच्या पाळण्यात जोजवून जोजवून निजवल्या होत्या.

"कर ना, कर," शैलजा हसून म्हणाली. एवढ्या गोड आवाजात की एखाद्या सावध माणसाला शंका आली असती.

रिसर्चची सुरुवात त्याने रायफलविरुद्ध मुद्दे गोळा करून करायची ठरवली. त्या शनिवारी तो खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात गेला. मागच्या भिंतीवर रायफली केरसुण्यांसारख्या ओळीने उभ्या होत्या. काउंटरवरच्या माणसाने आपुलकीने विचारलं, "काय मारायचंय?"

"काही नाही," गुरुनाथ म्हणाला.

"बरं. मग टार्गेट?"

"शक्यतो तेही नाही."

विक्रेत्याने डोक्यावरची टोपी मागे सरकवली. टेक्सासमध्ये ग्राहकाला वेड्यात काढायची पद्धत नाही, म्हणून त्याने एक स्वस्तातली रायफल खाली काढून पुढे केली. गुरुनाथने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून नुसती पाहिली.

"ही नळी कुठल्या पोलादाची?"

"चांगल्या."

"चांगल्या म्हणजे? क्रोमियम किती? इथल्या हवेत लाकडी दस्ता फुगला आणि नळीला टेकायला लागला तर नेम सरकेल की नाही? आणि या काळ्या लेपाखाली ओल शिरली, तर वरून कळणार कसं?"

विक्रेत्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने मागच्या खोलीतून बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. तासाभराने काउंटरभोवती बरीच मंडळी जमली आणि गुरुनाथ त्यांना पोलादाला गंज का आणि कसा धरतो हे समजावून सांगत होता. निघताना त्याने विचारलं, "या सेलमध्ये कधी येतात?" आणि माहितीपत्रकांची चळत घेऊन तो बाहेर पडला. मुद्दे गोळा करायचे राहूनच गेले.

मग त्याला इंटरनेटवर रायफलवाल्यांचा एक फोरम सापडला. तिथे नाव घ्यावं लागायचं, म्हणून त्याने 'रस्टगुरू' असं घेतलं. पहिला प्रश्न त्याने असा विचारला की नवशिक्याने स्वस्त रायफल घेतल्यास काय काय बिघडू शकतं. मनात हेतू असा की लोक भरभरून तक्रारी करतील आणि तो त्या छापून शैलजापुढे ठेवील. पण लोक भलतेच निघाले. रायफल स्वस्त असली तरी चालेल, तिच्यावरच्या दुर्बिणीवर कंजूषपणा करू नका. आधी मऊ धक्क्याचं काडतूस निवडा, मोठं काडतूस खांद्याला दणका देतं आणि डोळ्याला घाबरवतं. असे एकाहून एक शहाणे सल्ले आले. गुरुनाथला त्यात दोन ठिकाणी शास्त्रीय चुका दिसल्या. त्या त्याने दुरुस्त केल्या. इथे घात झाला.

कारण गुरुनाथला एक वेळ रायफल बाजूला ठेवता आली असती, पण दुसऱ्याची शास्त्रीय चूक बाजूला ठेवता येत नव्हती. बघता बघता तो रोज जेवणाच्या सुट्टीत पोळीभाजी खात फोरमवर लिहू लागला. आधी गंजावर, मग नळ्यांवर, मग दस्त्यांवर. सहा स्वस्त रायफलींची तुलना करणारी त्याची लेखमाला तर इतकी गाजली की लोक त्याला 'सर' म्हणायला लागले. ऑक्टोबरात कुणी कोलोरॅडोच्या गृहस्थाने त्याच्या सल्ल्याने रायफल घेऊन एक एल्क पाडला आणि 'हा तुमचाच, सर' असं लिहून फोटो पाठवला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. गुरुनाथ फोटोकडे बघतच राहिला. सात पिढ्यांत ज्यांनी अंडं फोडलं नव्हतं, अशा आठल्यांच्या नावावर एकदम एवढं मोठं जनावर लागलं होतं.

"काय झालं?" त्याचा चेहरा बघून शैलजाने विचारलं.

त्याने सांगितलं.

"मग आता काय, सुतक धरून राहिला का तू?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरावा तसा टॉवेल धरून आत निघून गेली. रायफलीचं मात्र तिने चुकूनही विचारलं नाही. गुरुनाथला वाटलं, झोपली वाटतं इच्छा.

इच्छा झोपली असेल, पण गावात बातमी जागी झाली होती. एका संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाका आणि सुलेखाकाकू चकल्यांचा डबा घेऊन आले. काकू आत शैलजाकडे गेल्या. काका सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"गुरुनाथ, घरात सगळं ठीक ना?"

"हो काका."

"शैलजा रागावलीय का तुझ्यावर?"

"नाही. का हो?"

"ती रायफल मागतेय म्हणे."

"हो."

"आणि तू तिला शोधून देतोयस."

"हो ना. दोन महिने झाले शोधतोय."

"स्वस्तातली."

"स्वस्त, पण अचूक," गुरुनाथ उत्साहाने म्हणाला.

काकांनी हातातली चकली परत डब्यात ठेवली. "अचूक," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुढे वाकून त्यांनी आवाज खाली आणला. "अरे, निदान तेवढं तरी सोड! नवऱ्याने पळायला थोडी जागा ठेवावी रे."

गुरुनाथने त्यांना नेमबाजी, एनसीसी, टार्गेट हे सगळं समजावून सांगितलं. काकांनी मान डोलावली, पण निघताना त्यांनी गुरुनाथचा हात दोन्ही हातांत घेऊन असा दाबला, जसा आपण ऑपरेशनला जाणाऱ्याचा दाबतो. आतून काकूंचा आवाज येत होता, "जड असते का गं?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण नोव्हेंबराच्या सुरुवातीला डेल आपल्या गॅरेजच्या दारात बसून जुन्या रायफलीची नळी पुसत होता. शैलजा आणि गुरुनाथ नुकतेच किराणा घेऊन आले होते. गुरुनाथच्या हातात तांदळाची गोणी होती. तेलाच्या बाटलीकडे लक्ष जाताच त्याला राहवेना.

"डेल, हे तेल आपल्या हवेत महिनाभरही टिकत नाही. वरून चकाकतं, पण आत गंज सुरू होतो. जाडसर मेण लाव."

डेलचा हात थांबला. "हे तर शब्दन्‌शब्द रस्टगुरूचं आहे," तो म्हणाला. "तूही वाचतोस त्याला?"

आता शहाण्या माणसाने 'हो, कधीमधी' म्हणून तांदूळ आत नेले असते. पण पंचवीस वर्षं गंजावर काम करूनही गुरुनाथला कुणी शब्दन्‌शब्द उद्धृत केलं नव्हतं. बायकोने तर नाहीच नाही.

"वाचत नाही," तो म्हणाला. "लिहितो."

डेलने टोपी काढली. टेक्सासचा माणूस टोपी राष्ट्रगीताला काढतो, प्रेतयात्रेला काढतो, आणि त्या दिवशी त्याने ती गुरुनाथ आठल्येपुढे काढली. "सर," तो म्हणाला, "शनिवारी आमच्या क्लबच्या रेंजवर यायलाच हवं. आमचा म्हातारा ऑर्विल ऐकेल तर वेडा होईल."

"मी पण येते," शैलजा म्हणाली.

डेलने शैलजाकडे पाहिलं आणि मग, का कोण जाणे, स्वतःच्या बुटांकडे.

रेंज गावाबाहेर, गवताळ माळावर होती. क्लबचे अध्यक्ष ऑर्विल सत्तरी ओलांडलेले, भोपळ्याएवढ्या पोटाचे आणि दणदणीत आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी गुरुनाथचा हात इतका हलवला की त्याचं घड्याळ कोपरापर्यंत गेलं. दहा-बाराजण कॉफीचे पेले घेऊन उभे होते. त्यांनी प्रश्न विचारले, गुरुनाथने उत्तरं दिली. लाकडी दस्ता की प्लॅस्टिकचा? स्वस्त रायफलीत पैसे नेमके कुठे वाचवलेले असतात? जड चाप हलका करून घ्यावा का? गुरुनाथ असा काही रंगला की कीर्तनकाराने हेवा करावा. शैलजा बाजूच्या बाकावर हाताची घडी घालून ऐकत होती.

"वा, सर!" ऑर्विल म्हणाले. "आता दाखवा. कुठली रायफल देऊ?"

गुरुनाथने मागे बघितलं. मागे माळ होता. पुढे बघितलं, पुढे टेबलावर सहा रायफली ओळीने मांडलेल्या होत्या. लेखमालेतल्या सहाच्या सहा.

"मी," तो म्हणाला, आणि त्याला पुण्याच्या शाळेतली तोंडी परीक्षा आठवली, "मी कधी रायफल चालवलेली नाही."

"या बनावटीची?"

"कुठल्याच. हातातही धरलेली नाही."

कुणीतरी खोकलं. ऑर्विलनी टेबलावरच्या सहा रायफलींकडे पाहिलं. "मग एवढं सगळं लिहिलंत कसं?"

"वाचून."

"पण का?"

खोटं बोलायची गुरुनाथला सवय नव्हती. त्याचं सगळं आयुष्य लांबणीवर टाकण्यात गेलं होतं, आणि आता लांबणीवर टाकायलाही जागा उरली नव्हती. "बायकोला रायफल हवी होती," तो म्हणाला. "ती घ्यायला लागू नये म्हणून."

ऑर्विलच्या हातातला पेला कलला आणि कॉफी बुटावर सांडली. मंडळी हसायला लागणार तेवढ्यात शैलजा बाकावरून उठली.

"डेल," ती म्हणाली, "प्लीज, आण."

डेल आपल्या ट्रककडे गेला आणि एक लांबट पेटी घेऊन आला. शैलजाने सराईतपणे तिच्या कड्या उघडल्या. आत एक साधी, काळ्या दस्त्याची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल होती.

"ही कुणाची?" गुरुनाथने विचारलं.

"माझी. तू दुकानात क्रोमियम विचारायला गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी घेतली. डेलच्या तिजोरीत ठेवली होती."

आता इथे कुठल्याही नवऱ्याने विचारलं असतं की मला न सांगता कशी घेतलीस, घरात लपवाछपवी कधीपासून सुरू झाली. गुरुनाथ पुढे झाला, त्याने रायफलीवर नजर टाकली आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"ही? सहांतली ही? अगं, हिचा चाप किती जड आहे!"

तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यात कुणाचा तरी सराव सुरू झाला म्हणून सगळ्यांनी कानांवर जाड कव्हरं चढवली. त्यामुळे पुढचं भांडण दोघांना ओरडून करावं लागलं.

"मी पाचव्या लेखात लिहिलंय!" गुरुनाथ ओरडला. "नेम हलतो म्हणून लिहिलंय!"

"पाचवा लेख यायच्या आधी घेतली मी!"

"थांबायचं ना मग!"

"किती थांबायचं? कॉलेजात दिल्लीच्या नेमबाजी कॅम्पला निवड झाली होती माझी! बाबा म्हणाले, जायचं नाही, लग्नानंतर काय ते कर! लग्नानंतर तू म्हणतो, रिसर्च करतो! आता काय स्वानंदीच्या लग्नानंतर?"

मराठीचं अक्षरही न कळणारी मंडळी आदराने थोडी मागे सरकली. "वाऱ्याबद्दल बोलतायत," एकाने दुसऱ्याच्या कानाजवळ जाऊन सांगितलं.

दिल्लीच्या कॅम्पचं गुरुनाथला कधीच माहीत नव्हतं. बक्षिसांचं माहीत होतं. त्या बक्षिसांच्या पुढे काय झालं हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. दोन महिन्यांत त्याने सहा रायफलींची कुंडली मांडली होती, पण ज्या बाईला ती हवी होती तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

शैलजा बाकावर बसली, दस्ता खांद्याला टेकवला, आणि तिने लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या. ऑर्विलनी दुर्बिणीतून पाहिलं आणि दुर्बीण गुरुनाथकडे सरकवली. गुरुनाथनेही पाहिलं. तीन भोकं तीन दिशांना होती, भांडून वेगळ्या झालेल्या जावांसारखी. लेखात लिहिलं होतं, अगदी तसंच.

तो बरोबर होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. नुसती काडतुसांची डबी उगाच उघडली आणि बंद केली. बरोबर ठरण्याचा इतका त्रास त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"चापाचं आहे ते, तुझं नाही," तो तिच्या कानावरचं कव्हर बाजूला करून म्हणाला. "बघ, श्वास अर्धा सोडून, बोटाचं पेर..."

"गुरू."

"हां?"

"एक काम कर. काही सांगू नको. इथं उभा राहा. बस."

गुरुनाथ उभा राहिला. तिचं कोपर टेबलावर नीट टेकलेलं नाही हे त्याला दिसत होतं. वारा फिरलाय हे जाणवत होतं. सूचना घशापर्यंत आली, जिभेवर चढली, दातांवर धडकली. पाठीवर डास बसला. त्याने तोही मारला नाही. शैलजाने डोळे मिटले, उघडले, कोपर आपणच सरकवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक गोळी सुटली. पुन्हा शांतता. दुसरी. तिसरी.

ऑर्विलनी दुर्बिणीला डोळा लावला, काढला, काच पुसली आणि पुन्हा लावला. मग ते स्वतः चालत गेले आणि तो कागद काढून घेऊन आले. नंतरची तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली होती, बेलाच्या पानासारखी. शैलजाने कागद हातात घेतला. ती हसली नाही. तिने तो शांतपणे घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, आणि एकदम वळून गुरुनाथच्या पाठीवर अशी थाप मारली की तो डासही मेला.

"सर," ऑर्विल गुरुनाथला बाजूला घेऊन म्हणाले, "मधे काय केलंत तुम्ही? पहिल्या तीन आणि नंतरच्या तीन, यांच्यामध्ये?"

"काहीच नाही."

"काहीतरी केलंतच."

"गप्प बसलो," गुरुनाथ म्हणाला. "नुसता."

ऑर्विलनी लांब उभ्या केलेल्या आपल्या ट्रककडे पाहिलं. आत त्यांची बायको मर्लीन विणत बसली होती. पस्तीस वर्षं ती दर शनिवारी रेंजवर यायची आणि ट्रकमध्येच बसायची. डेल म्हणायचा की लग्नानंतर पहिल्याच शनिवारी ऑर्विलनी तिला नेमबाजी समजावून सांगितली होती, तेव्हापासून. ऑर्विल हळूहळू ट्रककडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण फार थोडं बोलले असावेत, कारण लगेच दार उघडलं आणि मर्लीन लोकर सीटवर टाकून उतरली.

शैलजाने तिला आपली जागा दिली आणि रायफलही. मर्लीन बसली. ऑर्विल तिच्या मागे हात बांधून उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी, अनुभवी माणूस म्हणून, गुरुनाथ. ऑर्विलचा चेहरा झाकण घट्ट बसलेल्या कुकरसारखा फुगत चालला होता. मर्लीनने नेम धरला, बराच वेळ धरला, आणि गोळी झाडली. समोर मातीचा लोट उठला. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

ऑर्विलनी तोंड उघडलं.

गुरुनाथने काही न बोलता त्यांच्या पायावर पाय दिला.